तुझी तारीख कधी?

आई तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आइंडहोवनला आली होती, आणि आल्या आल्या तिने माझं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. डाळींचे डबे खाली आले, कॉफीचं मशीन कोपऱ्यात गेलं. भिंतीवर कालनिर्णय असतंच आमच्याकडे, दर डिसेंबरात कुणाच्या ना कुणाच्या बॅगेतून ती पाठवते. तर एके सकाळी चहा गाळता गाळता ती गौरी कधी बसतायत ते बघायला त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, हे चांदण्यांचे स्टिकर कोणी चिकटवलेत गं? म्हटलं, लेकीचे आहेत. लेकीचे आहेत ते दिसतंय, पण निळी चांदणी, मग बरोब्बर तीन आठवड्यांनी लाल, मग आठवड्याने परत निळी, पाच वर्षांचं पोर असं मोजून चिकटवतं होय? मी काही बोलले नाही. तिचं बोट घरं मोजत मोजत सप्टेंबरपर्यंत गेलं, तिथे थांबलं, आणि मग ती वळून म्हणाली, "लाल म्हणजे तुझी तारीख ना? मग ऐन गौरीजेवणाला येतेय की तुझी. गोळ्या आणून ठेवल्यास का?" नवरा समोर पोहे खात बसला होता, त्याने बशी उचलली आणि तो शांतपणे बाहेरच्या खोलीत गेला.

गोळ्या लागत नाहीत मला, मी म्हटलं. आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, आत जाऊन कपाटातून पाकीट आणलं आणि तिच्यासमोर फोडून टेबलावर ठेवलं. नाहीतरी त्याच दिवशी निळी चांदणी होती. योनीत बसवायची गर्भनिरोधक रिंग. पारदर्शक, लवचिक कडं, जेमतेम चार मिलिमीटर जाड, साधारण दोन-दोनच्या मापाची लहान मुलीची बांगडी असते तेवढं. मी ते तिच्या हातात देत नव्हतेच, तरी तिने हात मागे घेतला. चष्मा खाली ओढून बराच वेळ बघितलं. मी थोडक्यात सांगितलं, आत ठेवायची, तीन आठवडे राहते, गोळीतलं औषध हिच्यातून हळूहळू बाहेर येतं, मूल राहत नाही, मग काढायची. "डॉक्टर बसवतात?" नाही, मीच. "तू स्वतः?" ती म्हणाली, आणि मग आवाज खाली आणून, "हाताने?"

ते "हाताने?" मला पुढे कितीतरी दिवस पुरलं.

म्हणजे राग आला असं नाही. पण तिने मूल न होण्याबद्दल काही विचारलं नाही, दुसरं कधी असंही नाही (जे विचारायला तिचा एरवी अजिबात संकोच नसतो), औषधाने काही अपाय होईल का हेही नाही. तिला अडलं ते हातापाशी. आणि मला चीड यायच्या आधी हे जाणवलं की मला तिचं अडणं अगदी ओळखीचं आहे, मीही तिथेच अडले होते, फक्त बाथरूमचं दार लावून, एकटी.

कराडच्या आमच्या घरात सगळ्या बायकांच्या तारखा सगळ्यांना माहीत असायच्या. कालनिर्णयावर दुधाच्या हिशोबाशेजारी पेन्सिलीचे बारीक ठिपके असत, एका कोपऱ्यात आईचे, दुसऱ्यात काकूचे, आणि मग एका वर्षी त्यात माझेही आले. कोणी मला विचारून काढले नव्हते. श्रावण लागला की आजी ते ठिपके बघून गणित मांडायला बसायची, गौरी येतील त्या दिवशी कोण मोकळी, शेपूची भाजी-भाकरी कोण करेल, दुसऱ्या दिवशी पुरण कोण घालेल, साड्या कोण नेसवेल. काकूची पाळी अनियमित, त्यामुळे त्या घरात ती दर भाद्रपदात आरोपी असल्यासारखी वावरायची. शेवटी काका औषधाच्या दुकानातून गोळ्या आणायचे. हो, काका. चिठ्ठी नाही, काही नाही, सायकल स्टँडला लावून जायचे आणि दुकानदार "गौरीसाठी ना?" म्हणून पट्टी कापून द्यायचा. त्याच दुकानात मी पॅड आणायला गेले की तोच माणूस नजर न मिळवता वर्तमानपत्रात गुंडाळायचा, वर काळी पिशवी, आणि निरोध मागायला तर आमच्या आळीतला कोणी त्या दुकानाची पायरी चढला असेल असं वाटत नाही. देवाच्या तारखेसाठी बाईच्या हार्मोन्सवर घरादाराने चर्चा केलेली चालायची. बाईच्या स्वतःच्या कारणासाठी तीच हार्मोन्स म्हटली की सगळ्यांना ठसका.

आणि तीच म्हणजे खरोखर जवळपास तीच. त्या गोळ्या नोरएथिस्टेरॉनच्या, साधारण 5 मिलिग्रॅमची एक, दिवसातून तीनदा. एवढ्या डोसमध्ये घेतल्यावर त्यातला थोडा भाग शरीरात इथिनिल इस्ट्राडायोल होतो, आणि इथिनिल इस्ट्राडायोल म्हणजे गर्भनिरोधक गोळीत असतं आणि माझ्या रिंगमध्ये असतं तेच इस्ट्रोजेन. म्हणजे रक्तात गुठळी होण्याची जी काळजी इकडे घ्यायची तीच तिकडेही घ्यायला हवी. काकूला अर्धशिशी होती, डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे वेड्यावाकड्या रेघा चमकायच्या म्हणून ती अंधाऱ्या खोलीत पडून राहायची. असं चमकणारं दुखणं असेल तर इस्ट्रोजेनवालं काहीही देत नाहीत, कारण पक्षाघाताचा धोका वाढतो. हे मला तिशीनंतर कळलं. तेव्हा काकूला तिची तारीख सोडून कोणी काही विचारलेलं मला आठवत नाही.

इथे मला विचारलं. इथली फॅमिली डॉक्टर, हाउसआर्ट्स म्हणतात, तिची आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच ख्याती, मेलात तरी पॅरासिटामॉल घ्या आणि दोन आठवड्यांनी फोन करा. लेकीचं अंगावरचं दूध सुटल्यावर मी तिच्याकडे गेले (दूध पाजत असताना ही रिंग सहसा देत नाहीत, इस्ट्रोजेनमुळे). मी गोळी विसरते, हे तिला आधीच सांगून टाकलं. सिगरेट? नाही. चमकणारी अर्धशिशी? नाही, काकूला होती. तुला? नाही. आईवडील, भावंडं, कुणाला पायात किंवा फुप्फुसात गुठळी? नाही. बीपी घेतलं. मग तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. दहा हजार बायका वर्षभर काहीच घेत नसतील, गरोदरही नसतील, तर त्यातल्या साधारण दोघींना गुठळी होते, जुन्या पद्धतीच्या गोळीवर पाच ते सात जणींना, या रिंगवर सहा ते बारा जणींना, आणि गरोदरपणात याहून जास्त. बघ आणि सांग, म्हणाली. मला ते फार आवडलं, घाबरले थोडी पण आवडलं, कारण आकडा माझ्यासमोर ठेवून कोणी गप्प बसलंय असं आधी कधी झालं नव्हतं. मी मनातून वाट बघत होते की आता ती म्हणेल टेबलावर झोपा, पडदा ओढेल. काही नाही. तपासायची गरजच नव्हती. आणि "मिस्टरांचं काय म्हणणं?" हा प्रश्नही आला नाही. पुण्यात एका डॉक्टरांनी साध्या गोळ्यांसाठी तो विचारला होता, अगदी प्रेमाने, त्यामुळे इथे तो न आल्याने मला चुकल्याचुकल्यासारखं झालं, खोटं कशाला बोला.

मग अपोथेकमध्ये, म्हणजे इथल्या औषधाच्या दुकानात, काउंटरवरच्या मुलीने बटाट्याचा भाव सांगावा इतक्या मोकळ्या आवाजात सगळं समजावलं, मागे रांगेत दोन आजोबा उभे. दोन बोटांत दाबायची की ती चपटी होते, आणि मग आत सरकवायची. अमुकच ठिकाणी बसली पाहिजे असं नाही, टोचत नाही ना एवढंच बघायचं. बाहेर आली तर कोमट किंवा गार पाण्याने धुवायची, गरम नको, आणि तीन तासांच्या आत परत आत. त्याहून जास्त वेळ बाहेर राहिली तर पुढचे सात दिवस कंडोम. आणि पैसे. इथे 21 वर्षांखालच्या मुलींना हे मूळ विम्यातून मिळतं, माझ्यासारखीला खिशातून, वर पहिल्यांदा औषध समजावून सांगायचे म्हणून वेगळी फी. आजोबांनाही फुकट समजलं, पैसे माझे.

पहिल्या वेळी मी बाथरूममध्ये किती वेळ उभी होते सांगता येणार नाही. कागदावर चित्र होतं, एक पाय वर ठेवलेली बाई, चेहरा नसलेली. मला लहानपणापासून शिवाशिव शिकवलेली, पाळीत लोणच्याला हात नाही, तुळशीला नाही, देवघराच्या उंबऱ्याला नाही. आणि एरवीच्या दिवसांत स्वतःच्या अंगाला तिथे हात लावायचा नाही, हे तर कोणी शिकवायचीही गरज पडली नव्हती. धुवायचं, पुसायचं, संपलं. त्या दिवशी हिशोब केला तर हसू आलं, की माझ्या शरीराच्या त्या भागात नवरा जाऊन आला होता, पुण्यातल्या डॉक्टर जाऊन आल्या होत्या, इथली सुईण, तिची शिकाऊ मुलगी, शेवटी टाके घालणारी दुसरी कुणीतरी, एक अख्खं मूल तिथून बाहेर आलं होतं. राहिले होते फक्त मी. शेवटी बोट आत गेलं तेव्हा जे वाटलं ते किळस नव्हती आणि काही मोठा साक्षात्कारही नव्हता. गरम आहे, एवढंच. ताप आल्यावर जीभ असते तितकं गरम. आणि वर टोकाला काहीतरी घट्ट, गोल लागलं, मी दचकून हात काढला, मग परत नेला. गर्भाशयाचं तोंड. याच्यामुळेच रिंग आत कुठे हरवू शकत नाही, पुढचा रस्ता तिथे बंद असतो. लेकीच्या वेळी सुईण ज्याचे सेंटिमीटर मोजत बसली होती ते हे. एवढी वर्षं माझ्याकडे होतं आणि मी त्याला ओळखत नव्हते.

ती ऊबच काम करते, हे नंतर वाचलं. अंगाच्या ऊबेने त्या प्लास्टिकमधून औषध झिरपत राहतं, दिवसाला 0.120 मिलिग्रॅम इटोनोजेस्ट्रेल आणि 0.015 मिलिग्रॅम इथिनिल इस्ट्राडायोल, तिथल्या आवरणातून थेट रक्तात, पोटातून आणि यकृतातून वळसा न घेता. बीजकोशातून बीज सुटत नाही, तोंडाशी चिकट स्राव घट्ट होतो. रिंग काढल्यावर त्या मोकळ्या आठवड्यात जे रक्त जातं ती खरी पाळी नव्हेच, औषध थांबल्यामुळे अस्तर गळतं इतकंच. त्यामुळे तो आठवडा वगळून लगेच पुढची रिंग घातली तरी चालतं, डॉक्टरनेच सांगितलं होतं, मध्येच थोडं डागाळेल म्हणाली. आईला गौरीच्या बाबतीत मी हेच सांगत होते. तिचं त्यावर म्हणणं, मग ते साठलेलं जातं कुठे? मी म्हटलं साठतच नाही आई. तिचा विश्वास बसला नाही. पण गौरीचं काम झालं, म्हणून तिने विषय वाढवला नाही, आणि पुरण मीच घातलं. यात माझं मलाच काय वाटतं ते मला अजून कळलेलं नाही. मुलगी वयात आली की तिला हे काही पाळायला लावणार नाही म्हणते मी, आणि स्वतः मात्र पाळी चुकवून सोवळ्यात पुरण घालते. असो.

आईला गंमत वाटली ती ऑसची. आम्ही एकदा ट्रेनने नाइमेखनला चाललो होतो, डेन बॉशनंतर ऑस लागतं, लहानसं गाव, स्टेशनवरून बघण्यासारखं काही नाही. म्हटलं, आई, ती रिंग इथली. 1923 साली या गावातल्या मांसाच्या कारखान्याचा मालक साल फान झ्वाननबर्ग आणि ॲमस्टरडॅमचे प्राध्यापक अर्न्स्ट लाकर यांनी मिळून ऑर्गेनॉन ही औषधांची कंपनी काढली. कत्तलीनंतर डुकरांची स्वादुपिंडं फुकट जायची, त्यातून इन्सुलिन काढायला सुरुवात केली. मग हार्मोन्सच्या मागे लागले, 1962 साली त्यांची स्वतःची गर्भनिरोधक गोळी आली, आणि 2001 साली ही रिंग, नुव्हारिंग नावाने. याच गावात 1931 पासून आणखी एक प्रकार चालू झाला, गरोदर बायकांची लघवी गोळा करायचा. पहिल्या काही आठवड्यांत तिच्यात जे हार्मोन असतं ते काढून ज्यांना मूल होत नाही त्यांच्या औषधात वापरायचं. मूडर्स फोर मूडर्स, आयांनी आयांसाठी. आमची शेजारीण तिच्या गरोदरपणात बाटल्या भरून द्यायची, माणूस दारावर येऊन घेऊन जायचा. आई हे सगळं तोंडावर पदर धरून ऐकत होती. म्हणजे एकाच गावात मूल व्हायचं पण औषध आणि न व्हायचं पण, असं म्हणाली. मग थोड्या वेळाने, "डुकराचं काही नाही ना तुझ्या त्याच्यात?" नाही गं, माझ्यातलं सगळं कारखान्यात रसायनांपासून केलेलं. "बरं. गौरी आहेत म्हणून विचारलं."

त्याच ट्रेनमध्ये, परत येताना, तिने तिच्या ऑपरेशनचं सांगितलं. म्हणजे ऑपरेशन झालंय हे मला माहीत होतंच, आपल्याकडे "तिचं ऑपरेशन झालंय" एवढंच म्हणतात, कशाचं ते विचारावं लागत नाही. धाकटा झाला, सव्वा महिना झाला आणि आजोबा म्हणाले आता बास, सरकारी दवाखान्यात शिबिर आहे. आई तेव्हा सव्वीस वर्षांची. ट्रॅक्टरमधून चार-पाच जणी मिळून गेल्या, रांगेने झोपवलं, पोटावर टाके, संध्याकाळी परत. काही रुपये मिळाले सरकारकडून, ते आजीने घेतले. "मला विचारलंच नाही कोणी," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पण विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं की. बरंच झालं." मला यावर काय बोलावं सुचेना, कारण दोन्ही वाक्यं खरी होती आणि तिला त्यातलं एकही मागे घ्यायचं नव्हतं. मी विचारलं, आणि बाबांचं का नाही केलं, पुरुषांचं तर सोपं असतं, पोट उघडावंही लागत नाही. ती हसलीच. "पुरुषांचं? अगं, आणीबाणीत पुरुष उसात लपून बसायचे म्हणतात." ते खरंच असावं, 1976 साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून वाचलो. पण पुरुषांची ती भीती चाळीस-पन्नास वर्षं जपली जाते आणि बायकांच्या भीतीला कोणी जागाच ठेवत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या लग्न झालेल्या बायकांपैकी 37.9 टक्के जणींचं ऑपरेशन झालेलं होतं, आणि नवऱ्याची नसबंदी झालेल्या 0.3 टक्के. हे वाचताना मला ते दशांशचिन्ह दोनदा बघावं लागलं.

आणि असंही नाही की आपल्याकडे हे कोणी मराठीत सांगितलंच नव्हतं. र. धों. कर्व्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं, शंभर वर्षं होऊन गेली. मग 1927 पासून मरेपर्यंत, म्हणजे 1953 पर्यंत, समाजस्वास्थ्य मासिक चालवलं. प्राध्यापकी गेली, अश्लीलतेचे खटले झाले, एका खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. बाईने स्वतः, स्वतःच्या हाताने वापरायची साधनं असतात, तिला ती माहीत हवीत, हे त्या माणसाने साध्या मराठीत छापून विकलं. माझ्या आजीचा जन्म त्या मासिकाच्या काळातला. तिला आठ मुलं झाली, सहा जगली. तिच्यापर्यंत कालनिर्णय पोचलं, ते पोचलं नाही. पोचलं असतं तर तिने वाचलं असतं का, हा माझा अहंकार झाला, कदाचित चुलीत घातलं असतं. पण तिने घालायला हवं होतं, ते तिच्या हातात येऊन.

रिंगचं कौतुक चाललंय असं वाटत असेल तर थांबा. पांढरं जायचं प्रमाण वाढतं, तेही कागदावर लिहिलेलं असतं पण अंगावर आल्याशिवाय कळत नाही. सुरुवातीला छाती दुखायची. मनाचं विचाराल तर काही महिने मी उगाच रडवेली असायचे, ते रिंगमुळे की हॉलंडमधल्या नोव्हेंबरमुळे हे शास्त्राला ठरवता येईल असं वाटत नाही. बद्धकोष्ठ झालं आणि जोर लावला की रिंग खाली सरकते, मग बोटाने वर. नवऱ्याला कधीकधी लागते, एकदा ऐन वेळी तो म्हणाला, आत कोणीतरी आहे, आणि मग त्या रात्रीचं जे काही होतं ते हसण्यातच गेलं. कागदावरचं यश आणि घरातलं यश यातही फरक आहे. नियम काटेकोर पाळले तर वर्षात हजारातल्या तिघींना दिवस जातात, पण माणसं जशी वापरतात तशी वापरली तर शंभरातल्या सात जणींना. म्हणून त्या चांदण्या. फोनचा अलार्म मी मीटिंगमध्ये दाबून टाकते, कालनिर्णय दाबता येत नाही.

उन्हाळ्यात कराडला गेलो तेव्हा वेगळीच पंचाईत. रिंग 30 अंशांच्या खाली ठेवायची आणि मे महिन्यात आमच्या घरात रात्री बाराला पण भिंतींना हात लावला तर चटका. मी पाकिटं घेऊन उभी, तर आईने माझ्या हातातून ती घेतली, एका स्टीलच्या डब्यात घातली आणि फ्रिजमध्ये ताकाच्या भांड्यामागे ठेवून दिली. वहिनीने विचारलं काय आहे, तर "तिचं औषध आहे, गार ठेवावं लागतं," आणि वहिनी गेल्यावर मला हळूच, "हिला सांग की तू. हिच्या गोळ्या विसरतात म्हणते." मी सांगितलं, पण कराडात विचारलं त्या दुकानांत मिळाली नाही. वहिनीला सरकारी दवाखान्यातून अंतरा इंजेक्शन मिळू शकतं, तीन महिन्यांतून एकदा, किंवा छाया गोळी, जिच्यात इस्ट्रोजेन वगैरे हार्मोन नसतंच, लखनौच्या संस्थेत शोधलेली. दोन्ही चांगली आहेत. वहिनी म्हणाली, बघते, यांना विचारून.

वापरलेल्या रिंगचं एक मात्र मला अजून छळतं. नवी असते तेव्हा तिच्यात 11.7 मिलिग्रॅम इटोनोजेस्ट्रेल असतं, दिवसाला 0.120 गेलं तर तीन आठवड्यांत अडीच मिलिग्रॅम. म्हणजे मी काढून टाकते तेव्हा तीन चतुर्थांशाहून जास्त औषध आतच असतं, इस्ट्रोजेनचंही तेच. एकसारखं झिरपत राहायला मागे एवढा साठा लागतो. म्हणून ती संडासात टाकायची नाही, आली त्याच पाकिटात बंद करून अपोथेकमध्ये परत द्यायची. कॅनडातल्या एका प्रयोगाच्या तळ्यात 2001 पासून तीन उन्हाळे हेच इथिनिल इस्ट्राडायोल अगदी नॅनोग्रॅमच्या हिशोबात सोडलं होतं, नर माशांच्या अंगात अंड्यांचं प्रथिन तयार व्हायला लागलं आणि तिथली लहान माशांची जात जवळपास संपली. कराडला मी वापरलेली रिंग पाकिटात घालून परत हॉलंडला घेऊन आले. कृष्णेच्या काठी वाढलेय, तेवढं तरी.

आता डॉक्टरने हळूच सांगितलंय की चाळिशी जवळ येतेय, बीपी वर जायला लागलं तर इस्ट्रोजेन बंद करावं लागेल, तेव्हा पुढचा विचार करून ठेवा. कॉपर टी आहे, तशीच गर्भाशयात बसवायची हार्मोनवाली आययूडी आहे. आणि पुरुष नसबंदी, ती इथे काही हाउसआर्ट्स आपल्या दवाखान्यातच करतात, जागा बधिर करून, अर्ध्या तासात माणूस घरी. शेवटचं नाव घेताना ती नवऱ्याकडे बघत होती, कारण त्या दिवशी तो बरोबर आला होता. तो जमिनीकडे बघत होता. घरी येईपर्यंत काही बोलला नाही. रात्री जेवताना म्हणाला, मला काही प्रॉब्लेम नाहीये, करू की. मी म्हटलं छान. मग चपातीचा तुकडा हातात तसाच धरून, "पण आईला कळायला नको हं." कुणाच्या आईला? "दोघींच्या." मग थोडा वेळ गेला आणि त्याने फोन काढला, काहीतरी शोधायला लागला. म्हटलं काय बघतोयस. म्हणाला, नंतर किती दिवस सायकल चालवायची नाही ते.